एक जूनची अमावास्या

आमच्या शाळेच्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर आमच्या गावातल्या बायका फक्त एक जूनलाच बाळंत होत असत. हसू नका, माझ्याकडे दाखला आहे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनची. प्रवेशाच्या दिवशी हेडमास्तर पोराला समोर उभं करत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोर पाच वर्षांचं झालं. मग बापाला विचारत, “जन्म कधीचा?” बाप म्हणे, “दुष्काळातला हाय जी.” झालं. हेडमास्तर पेनाचं टोपण काढून लिहीत, एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर. शाळा जूनमध्ये उघडायची, त्यामुळे वय मोजायला सोपं जाई.

माझी जन्मतारीख अशी लागली. पंधरा वर्षं तिनं कुणाचं काही वाकडं केलं नाही. दहावीच्या फॉर्मवर तीच, डी.एड.च्या फॉर्मवर तीच. आमचं गाव घोडेगावपासून तासाभराच्या वाटेवर, घरची शेती, मी थोरली. डी.एड. झालं आणि त्र्याण्णव साली घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. पारगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा नोकरीला होता, ऊस होता, माणसं बोलायला बरी होती. मुलगाही मला आवडला होता, हे आता सांगायला हरकत नाही. चहाचा कप घेताना त्यानं मला विचारलं होतं, “तुमाला शिकवायला आवडतं का?” माझ्या उंचीशिवाय आणि स्वयंपाकाशिवाय दुसरं काही विचारणारा तो पहिलाच.

त्यांनी पत्रिका मागितली. पत्रिका नव्हतीच. वडील माझा शाळेचा दाखला घेऊन तालुक्याच्या गावी एका जोशीबुवांकडे गेले. जोशीबुवांनी जुनं पंचांग काढलं, एक जून त्र्याहत्तरचं पान उघडलं आणि म्हणे तोंडच पाडलं. वैशाख अमावास्या. त्यातही शनैश्चर जयंती. वार शुक्रवार, पण त्या बिचाऱ्या शुक्रवारला कोण विचारतो!

आठ दिवसांत पारगावकडून मध्यस्थ आला. वडिलांना म्हणाला, “पोरगी पसंत हाय राव, पर त्यांच्या घरात म्हातारी मानसं हायेत. आवशीची सून नको म्हनत्यात.”

वडील भांडले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि अमावास्येच्या जन्माची शांत करायला कधीचा मुहूर्त आहे ते विचारायला पुन्हा जोशीबुवांकडे गेले. जणू माझ्यातच बिघाड होता आणि तो आता दुरुस्तीला टाकायचा होता. गावात बातमी पसरायला एक दिवस पुरला. चुलतीनं लोणच्याची बरणी माझ्या हातातून काढून घेतली. चुलत बहिणीच्या हळदीला मला सांगण्यात आलं की तू मागं उभी राहा, पुढं नको येऊ. कळती झाल्यापासून मी त्या घरात लोणची घातली होती, हळदी लावल्या होत्या. एका बरणीलाही बुरशी आली नव्हती. पण कागद आला आणि माझा हात वाईट झाला.

माझं डोकं तापलं ते तिथून. अजून निवलेलं नाही.

आता मला तारखेवरून वार काढता येत होते हे सांगायला हवं. अकरावी-बारावीला मी जुन्नरला मामाकडे राहिले होते. तिथे आम्हाला इतिहास शिकवायला एक सर होते. ते मोडी वाचायचे. आजूबाजूच्या जुन्या घरांतले लोक पेटीतले कागद घेऊन त्यांच्याकडे येत, आणि मी सुट्टीत त्यांच्या ओट्यावर बसून नकला करत असे. त्या कागदांवर तारखांची मजा असे. शक आणि तिथी हिंदूंची. खाली ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्यातला चंद्र कितवा ते. सन असे तो अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला. एकाच पत्रात दोन धर्मांची पंचांगं, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही विशेष वाटत नसे. सर ते सगळं इंग्रजी तारखेत आणत आणि मग वार ताडून पाहत.

“शक चुकतो, तिथी चुकते, मुद्दाम खोटीही लिहितात,” ते म्हणत. “पण सात दिवसांची रांग कुणासाठी थांबत नाही. आपला गुरुवार आणि त्यांची जुमेरात एकाच दिवशी येते. म्हणून शेवटी वाराला विचारायचं.”

एकदा एक मोठे जमीनदार मानाचा कागद घेऊन आले. यात्रेत पहिला नारळ त्यांचा, असा कागद. सरांनी पाच मिनिटांत सांगितलं की कागदावरच्या तिथीला तो वार येत नाही, कागद मागाहून केलेला आहे. जमीनदार हसून म्हणाले, “वार चुकला आसंल सर, मान खरा हाय.” आणि कागद गुंडाळून गेले. पहिला नारळ अजून तेच फोडतात. पुरुषाच्या कागदातला वार चुकला तर मान खरा. माझ्या कागदातली तारीख खोटी होती, तर मी खोटी ठरले.

सरांनी मला वार काढायची एक सोपी रीत शिकवली होती. सालाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्यांचा चौथा भाग अपूर्णांक सोडून मिळवायचा, त्या महिन्याचा ठरलेला आकडा मिळवायचा, तारीख मिळवायची आणि साताने भागायचं. बाकी एक उरली तर रविवार. एक जून त्र्याहत्तर: त्र्याहत्तर, अठरा, जूनचे पाच, तारखेचा एक. सत्त्याण्णव. बाकी सहा. शुक्रवार. म्हणजे जोशीबुवांचं पंचांग बरोबर होतं. तो दिवस अमावास्येचाच होता. फक्त त्या दिवशी मी जन्मले नव्हते, कान धरण्याच्या परीक्षेत मला तो दिवस मिळाला होता.

मग कधी जन्मले? हे ज्या बाईला माहीत होतं ती त्याच घरात चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. पत्रिका झाली, स्थळ मोडलं, शांत ठरली, आणि या सगळ्यात माझ्या आईला एकाही माणसानं विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. मला हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मीही आधी पंचांगाकडे धावले होते.

“आई, मी कधी झाले गं?”

तिनं भाकरी उलटली. “थंडी व्हती. माझ्या म्हायेरी, जुन्नरात. गुरुवार व्हता.”

“गुरुवार कशावरून?”

“माझा उपास व्हता ना. दिवेलागन झाल्याली, उपास सोडायचा व्हता, तं त्या आदीच तू. लई भूक लागल्याली मला, ध्यानात हाय.”

“मग तू बोलली का नाहीस? जूनमधे थंडी असती का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “मला कोन इच्यारलं?”

वडील ओसरीवर होते. त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “अगं, बायामानसांच्या काय ध्यानात ऱ्हातंय. सरकारी कागुद खोटा आसंल व्हय?” माझ्या जन्माच्या वेळी ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते, मुलगी झाल्याचा निरोप त्यांना चार दिवसांनी मिळाला होता. पण जन्मतारीख मात्र त्यांच्या हातातल्या कागदावरची खरी.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी. धरून जुन्नरला गेले.

मामाच्या आळीच्या टोकाला सुईण खाला राहायची. सगळी आळी तिला खालाच म्हणे, हिंदूही आणि मुसलमानही. आळीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. डोळ्यांनी अधू झाली होती, पण आवाजावरून ओळखायची. मी विचारल्यावर तिनं एक क्षणही घेतला नाही.

“ताबूत थंडे झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या घरात सगळ्यांचं अंग दुखत व्हतं, मिरवणुकीचं. तुझा मामा बोलवायला आला. जुम्म्याची रात व्हती.”

माझा चेहरा पडला. जुम्मा म्हणजे शुक्रवार. आई गुरुवार म्हणत होती. दोन साक्षीदार आणि दोन वार. जोशीबुवांच्या पत्रिकेतही शुक्रवारच होता. खालाच्या ओट्यावर मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मी सरांकडे गेले. सर हसले. मला त्यांचा फार राग आला. मग ते म्हणाले, “अगं, जुम्म्याची रात म्हणाली ना ती? त्यांचा दिवस मगरीबला सुरू होतो. सूर्य बुडाला की पुढचा दिवस लागला. जुम्म्याची रात म्हणजे तुझ्या आईच्या गुरुवारची संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ म्हणालीस ना?”

एकच संध्याकाळ. एका बाईचा उपास अजून सुटायचा होता म्हणून तिचा गुरुवार, दुसरीची नमाजाची बांग झाली होती म्हणून तिचा जुम्मा. दोघींचं बरोबर होतं. वीस वर्षं दोघींनी ते जसंच्या तसं जपलं होतं, कुणी विचारणार नाही हे माहीत असूनही.

सरांनी जुन्या तारखांची जंत्री काढली. ताबूत थंडे होतात, म्हणजे त्यांचं विसर्जन होतं, ते मोहरमच्या दहाव्या दिवशी, आणि मोहरम लागतो चंद्र दिसल्यावर. त्या वर्षी तो दिवस आला चौदा फेब्रुवारीला. मी पंधराची. त्र्याहत्तर, अठरा, फेब्रुवारीचे चार, तारखेचे पंधरा. एकशे दहा. साताने भागले. बाकी पाच.

गुरुवार.

माघाचा शुद्ध पक्ष. ताबुताच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या असूच शकत नाही, याला खरं तर गणितही लागत नाही. वर दहा-अकरा दिवसांचा चंद्र असतो, डोळे असलेल्या कुणालाही दिसतो. दोघी बायका तोच चंद्र बघत होत्या.

मी घरी आले ती जिंकल्यासारखी. सरांच्या अक्षरातला कागद वडिलांपुढे ठेवला. सरांचा शिक्का नव्हता पण मास्तरचं अक्षर होतं, पुरुषाचं होतं, तेवढ्यावर वडिलांना पटलं. लगेच नवी पत्रिका केली. वडील पारगावला गेले. तिथं त्यांना विचारलं, “आता दाखला येक सांगतो न् पत्रिका येक सांगती, आमी कंची खरी धरायची, पावणं?” तो मुलगा बाहेर आलाच नाही. पण पुढच्या वर्षी येडगावकडचं स्थळ आलं, त्यांनी नवीच पत्रिका पाहिली, आणि लग्न झालं. माझी सासू आल्या-गेल्याला सांगायची, “आमची सून गुरुवारची हाय, दत्ताच्या वारची.” मी पदर सावरून हसायचे. चुलतीनं लोणच्याची बरणी पुन्हा माझ्या हातात दिली आणि मी ती घेतली.

घेतली, हेच मला आज सहन होत नाही. बरणी तिच्या दारात आपटायला हवी होती.

पंच्याण्णवला मला जिल्हा परिषदेची नोकरी लागली. दोन हजार तीनमध्ये मी घोडेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेवर होते. आम्ही दोघंच शिक्षक. माझे सहकारी इतिहासप्रेमी. महाराजांच्या गडावरच्या जन्माचा उत्सव तिथीनं करावा की तारखेनं, यावर ते मधल्या सुट्टीत तास तास बोलत. जुनं इंग्रजी कॅलेंडर वेगळं, नवं वेगळं, मध्ये दहा दिवसांचा फरक कसा पडतो, सगळं तोंडपाठ. तावातावानं टेबलावर हात आपटत. आणि त्याच टेबलावर त्यांनी भरलेलं रजिस्टर असे. पान उलटा, एक जून. पुढचं पान, एक जून. मी एकदा म्हटलं, “सर, या पोरांचेही वार काढा की जरा.” ते म्हणाले, “मॅडम, ह्यांच्या वाराला कोण विचारतंय?” मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.

त्या जूनपासून पहिलीचे प्रवेश मी करायचं ठरवलं. ज्याच्याकडे नोंद नाही, त्याच्या आईला बसवायची. कोणता सण होता, भात कुठवर आला होता, चांदणं होतं की अंधार, बाजाराच्या आधी की नंतर. जुनी कॅलेंडरं मी जमवून ठेवली होती. एकेका पोराला अर्धा तास लागे. बाहेर रांग लागे आणि बाप लोक वैतागत. वैतागू देत.

एक बाई मुलीला घेऊन आली. घरी बाळंत झालेली, ग्रामपंचायतीत नोंद नाही. मुलगी तिच्या लुगड्याला धरून माझ्या टेबलावरच्या घंटेकडे बघत होती.

“जन्म कधीचा हिचा?”

“एक जून लिवा.”

“ते नाही, खरा कधीचा?”

बाईनं मागं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “भादव्यातला पोळा, येत्या पोळ्याला सा वर्सं व्हतील. ह्यांनी बैलांची शिंगं रंगवायला घेतल्याली, आन् माझ्या पोटात दुखाया लागलं.”

आमच्याकडे पोळा भाद्रपदात, अमावास्येला. इथे ताबूत शोधायचं कारण नव्हतं. सत्त्याण्णवचं कॅलेंडर काढलं. एक ऑक्टोबर. सत्त्याण्णव, चोवीस, एक, एक. एकशे तेवीस. बाकी चार. बुधवार. आणि अमावास्या, अगदी खरी, सर्वपित्री.

सवयीनं मी एक जूनचंही पान पाहिलं. न पाहते तर बरं झालं असतं. रविवार. एकादशी.

म्हणजे मी खोटं लिहिलं तर ही पोर एकादशीची, आणि खरं लिहिलं तर आवशीची. माझ्या बाबतीत हेडमास्तरांनी जे केलं होतं, ते उलटं करायची सोय हातात आली होती. एक ओळ लिहायची आणि या पोरीची वीस वर्षांनंतरची हळद सुखात पार पडली असती. माझ्या हातात पेन होतं आणि मी खरोखर विचार करत होते.

आणि मग मला माझाच राग आला, वडिलांचा, जोशीबुवांचा आला नव्हता इतका. त्र्याण्णव साली मी काय केलं होतं? जुन्नरपर्यंत गेले, दोन बायांची साक्ष काढली, भागाकार केला, आणि कशासाठी? मी आवशीची नाही, हे सांगायला. जणू खरोखर असते तर बरणी काढून घेणं बरोबरच होतं. जणू मला मागं उभं करण्यात चूक फक्त तारखेची होती. पोळ्याच्या अमावास्येला बैलाला ओवाळून पुरणपोळी घालतात. दिवाळीच्या अमावास्येला लक्ष्मी घरात यावी म्हणून दारं उघडी ठेवतात. त्या दिवशी बैल चालतो, लक्ष्मी चालते, फक्त पोरगी जन्मलेली चालत नाही. हे मी एकदाही, कुणालाही म्हटलं नव्हतं. मी फक्त बाकी पाच दाखवली होती.

मी लिहिलं, एक ऑक्टोबर एकोणीसशे सत्त्याण्णव. अक्षरी लिहायला सुरुवात केली.

बाईला वाचता येत नव्हतं, पण एक जून लिहायला किती वेळ लागतो हे तिला ठाऊक असावं. ती उठून उभी राहिली. “काय लिवलं बाई? पोळा लिवला? नगा ना. खोडा ते. पुढं तिला कोन करून घेईल? माझ्या सासूनं तं पाच दिस तोंड बगितलं न्हाई पोरीचं. तुमी लिवताय आन् भोगनार माझी पोर.” तिचा आवाज चढला. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. “तुमचं काय जातंय? तुमी काय आवशीच्या हाय का?”

माझ्या पर्समध्ये माझ्या नव्या पत्रिकेची नक्कल होती. सासूनं लग्नात दिलेली, जपून ठेव म्हणाली होती, आणि मी नऊ वर्षं जपली होती.

“हो,” मी म्हटलं. “मी आवशीचीच. शनैश्चर जयंतीची. माझा दाखला बघा हवा तर, एक जून त्र्याहत्तर.”

दारातली माणसं आत सरकली. बाई माझ्याकडे बघत राहिली. आधी गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, मग मनगटावरचं घड्याळ, मग माझ्या टेबलावरचं रजिस्टर.

“खरं?”

“खरं.”

“आन् मालक हायेत?”

“आहेत. दोन मुलंही आहेत. लोणचंसुद्धा नासत नाही माझ्या हातचं.”

ती हसली नाही. पोरीला तिनं पुढं ओढलं आणि माझ्या खुर्चीजवळ उभं केलं, अगदी जवळ, माझ्या साडीला तिचा हात लागेल इतकं.

“मंग लिवा,” ती म्हणाली. “पर अक्शर नीट काढा.”